हात उचलायला कोणीतरी

तुटलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, पुन्हा कशी जुळते हे शोधण्यात बाईंची तीस वर्षं गेली. आणि आता त्यांच्याच खांद्यातली कंडरा तुटली, शिवावी लागली.

"हात स्वतः उचलायचा नाही. घरातल्या कोणीतरी रोज अलगद उचलून द्यायचा," असं व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने बजावलं, तेव्हा बाईंनी मुकाट मान डोलावली. घरात होतं कोण? चार भिंती! तीन आठवडे हात गळ्यात बांधलेल्या झोळीतच राहिला.

नुसती बांधून ठेवलेली कंडरा आखडते, हे बाईंनीच सगळ्यांना ओरडून सांगितलेलं. तरी कोणापुढे शब्द टाकायला जीभ रेटेना.

अखेर त्या प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणाऱ्या मावशींपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, माझा हात रोज जरा उचलून द्याल का?"

"एवढंच होय! मला वाटलं, माझ्या हातून काही फुटलं. अहो, देवाने हे दोन हात काय नुसती भांडी विसळायला दिलेत?"

मावशींनी हात पुसले, बाईंचं कोपर तळव्यावर घेतलं आणि सावकाश वर नेलं.

"दुखतंय का हो?"

चांगलंच दुखत होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "धरा अजून थोडा वेळ."