इंदूबाईंची एकादशी

या माउली, अशा जवळ सरकून बसा. हुडकेश्वरच्या इंदूबाईंची गोष्ट सांगते. लहानशीच आहे, पण मन लावून ऐका.

इंदूबाई आणि प्रेमलताबाई महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या शेजारणी. जन्मभर दोघी कीर्तनाला एकाच सतरंजीवर बसल्या. पुढं इंदूबाईंना मुलानं शहराच्या कडेला, हुडकेश्वरला घर बांधून दिलं आणि तो नोकरीसाठी परदेशी गेला. प्रेमलताबाई बंगळूरला लेकीकडे गेल्या. तेव्हापासून एकादशीला दोघी आपापल्या टीव्हीवर एकच कीर्तन लावत आणि बटनांचा जुना फोन कानाशी धरत. इंदूबाईंच्या घरात माणसाचा आवाज काय तो तेवढाच.

पण त्या नव्या वस्तीत नेटची वायर आलेली नव्हती. टीव्ही चाले तो मुलानं ठेवून दिलेल्या दुसऱ्या मोबाईलच्या नेटवर, म्हणजे चालण्यापेक्षा अडेच जास्त. बुवांचा हात वर गेला की वरच, आणि मधोमध ते गोल फिरत राही.

"अवं इंदू, हसली काहून नाही तू? बुवा काय बोलले आत्ता!"

"माह्याकडे अडकून राहिलं वं."

"पुन्हा? तुह्याकडे बुवा बैलगाडीनं येतात का काय?"

तेवढ्यात फोनमध्ये मागून प्रेमलताच्या लेकीचा आवाज आला, "आई, काकूंचं नेट चालत नाही तर त्यांना काहून ताण देते? आपापलं पाहा नं दोघी."

इंदूबाईंनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. हा फोन सुटला तर मग बोलायला कोण?

पुढच्या एकादशीला त्यांनी आधीच सांगून टाकलं, "आता बराबर चालू आहे वं." पडदा तर थिजलेलाच होता. पण तिकडे प्रेमलता हसली की या हसत, तिनं टाळी धरली की या धरत.

"काय रडवलं वं बुवांनी," प्रेमलता नाक ओढत म्हणाली.

"हो नं," म्हणत इंदूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. ते पाणी मात्र खरं होतं.

तिकडे आरती झाली. "पुढच्या एकादशीलेही असंच लावजो वं," म्हणून प्रेमलतानं फोन ठेवला. इंदूबाईंच्या टीव्हीत कीर्तन अजून नमनालाच होतं.

कीर्तन सुटलं की शेजारच्याच्या पाया पडायचं, ही आपली रीत. इंदूबाई सवयीनं बाजूला वाकल्या आणि मोकळ्या फरशीवर हात टेकून तशाच थांबल्या.

माउली, उद्या कीर्तनात कुणाच्या पायाशी वाकाल, तेव्हा एक नमस्कार इंदूबाईंना आठवून करा.