जाकुराचं बीळ

म्युरिएलने पहार वाळूत रोवली, बिळाच्या तोंडाशी वाकली आणि सांगून टाकलं, "रिकामं आहे. लिही."

हॅमिशने वही उघडली. शहरातून आलेला हा संशोधक चार वर्षं या वाळवंटातल्या राखीव रानात तिच्या शब्दावर नोंदी करत होता. त्याच्या कॅमेऱ्यांना जे दिसत नसे ते म्युरिएल चालता चालता वाचायची: वाळूतली रेघ कोणत्या सापाची, तो कधी गेला, उपाशी गेला की खाऊन. तिला आपल्या या नजरेचा ताठा होता, आणि तो तिला शोभायचाही.

थंडी तोंडावर आली होती. उद्या या पट्ट्यातलं काटेरी गवत जाळायचं होतं. आत्ता थोडं जाळलं की उन्हाळ्यात वणवा भडकत नाही. ज्या बिळात जाकुराचं, म्हणजे त्या जाड, लालसर सापसुरळीचं बिऱ्हाड असेल, त्याच्याभोवतीचं गवत तेवढं राखायचं. एकदा रिकामं म्हणून लिहिलं की गवत गेलं, आणि आडोसा गेला की पिल्लं घारींच्या तोंडी.

म्युरिएलचे डोळे वर्षभरापासून अधू झाले होते. हे तिने कुणालाही कळू दिलं नव्हतं.

मागे तिची भाची रोशेल उभी होती. सकाळी म्युरिएल एका विषारी सापाच्या ताज्या मागावरूनच चालत सुटली, तेव्हा रोशेलने तिची बाही हळूच ओढली होती. त्यावर "ओढतेस काय गं, मी काय म्हातारी झाले?" म्हणून बोलणी खाल्ली होती.

आता ती बिळापासून काही पावलांवर जाऊन उकिडवी बसली. जाकुराचं अख्खं कुटुंब बिळाबाहेर एकाच ठरल्या जागी घाण करतं. रोशेल तिथे बराच वेळ पाहत राहिली. थोरल्यांचा शब्द परक्यासमोर खोडायचा नाही, हे म्युरिएलनेच तिला शिकवलं होतं. तिने दोन लेंड्या उचलल्या आणि येऊन मावशीच्या तळहातावर ठेवल्या.

म्युरिएलने एक बोटांनी चुरली. आतून ओलसर, ताजी होती. दुसरी अगदी बारीक, तांदळाच्या कणीएवढी. म्हणजे पिल्लंसुद्धा होती.

तिची कानशिलं तापली. हॅमिशला वेगळंच वाटलं, तो हसला.

"हिची परीक्षा घेत होतीस होय? मीही फसलो."

पळवाट आयती चालून आली होती. नुसती मान हलवली असती तरी झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. रोशेल खाली वाळूकडे बघत होती, मावशी जे म्हणेल ते गिळायला तयार.

"परीक्षा कसली डोंबलाची," म्युरिएल म्हणाली. "मला दिसलं नाही. हिला दिसलं. खोड ते. लिही, पोराबाळांसकट सगळे घरात आहेत."

मग तिने पहार उपटली आणि रोशेलच्या हातात दिली.

"पुढे हो. आणि ताठ चाल जरा. माझी भाची आहेस."

गाडी अर्ध्या तासाच्या वाटेवर होती. या रानात म्युरिएल पहिल्यांदाच कुणाच्या मागून चालत होती. वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. पण समोर पहार खांद्यावर टाकून चाललेल्या त्या पोरीकडे बघून तिचा ऊर भरून आला. अंधूक दिसत होती, तरी ऐट लपत नव्हती.

वाळूतली तिची पावलं मात्र एकेक करून स्वच्छ दिसत होती. आधी म्युरिएलला बरं वाटलं, मग नवल. काडीसारखी ही पोरगी, हिची पावलं इतकी खोल कशी? ती वाकली, एका ठशात बोटं घालून पाहिली. टाच रोवलेली, अंगठा दाबलेला. पुढचंही तसंच, त्याच्या पुढचंही.

म्युरिएलने माग वाचला. ठसे तिला दिसावेत म्हणूनच दाबलेले होते. त्या ठशांत आपली पावलं ठेवत ती ताठ मानेने चालत राहिली.