सरळ टिपेवरचे नऊ शर्ट

विल्मेरचं नुसतं नाव निघालं तरी अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चौदा वर्षं त्या माणसाच्या कारखान्यात, ताणणारं कापड शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर बसले. टी-शर्टच्या बाजू, मुंढे, बाह्या. बाजू, मुंढे, बाह्या. संध्याकाळी सुटताना दारात बायकांच्या पिशव्या उलट्या करून झडती व्हायची, तीही सोसली. मे महिन्यात, आमच्याकडे थंडी सुरू होते तेव्हा, एके दिवशी त्यानं मला सगळ्यांसमोर स्वेटर वर करायला लावला. आत कापड गुंडाळून नेतेय का, ते बघायला. मी कात्री टेबलावर ठेवली आणि चालती झाले. तो ओरडला असता तर परवडलं असतं. तो हसला. म्हणाला, "जा, झोराइदा. महिन्याभरात येशील. आलीस की आधी माफी मागायची, मग मशीन मिळेल."

मेले तरी जाणार नाही, असं मी घरी येऊन तीनदा मोठ्यानं म्हटलं. पण चूल काही म्हणण्यावर पेटत नाही. दोन आठवडे मी दारोदार विचारत फिरले आणि सगळीकडे एकच उत्तर मिळालं: स्वतःचं ओव्हरलॉक आहे का? ते असतं तर मी तुमच्या दारात कशाला आले असते, बाई!

तेवढ्यात मार्लेने आली. मार्लेने म्हणजे आमच्या गल्लीच्या व्हॉलीबॉल संघाची कप्तान. इथे शहराच्या कडेला, कोमासच्या टेकडीवर रविवारी रस्त्यात आडवी जाळी बांधून बायकांचे सामने होतात, आणि खालच्या गल्लीकडून हरलो की वर्षभर पाणी भरायच्या रांगेतसुद्धा टोमणे ऐकावे लागतात. तिला नऊ शर्ट हवे होते. शाळेच्या पालक समितीतही तिचाच शब्द चालतो. शर्ट टिकले तर मुलांच्या कसरतीचे बत्तीस सूट मलाच द्यायचे, असं ती म्हणाली. बत्तीस सूट म्हणजे विल्मेरचं तोंड बघायची गरज नाही. मी आईला न विचारता हो म्हणून टाकलं.

आईला विचारायला हवं होतं, कारण घरात मशीन तिचंच. डोंगरातलं आयाकुचो सोडून शहरात येताना तिनं आणलेलं काळं पायमशीन. त्याला एकच टाका येतो, सरळ. झिगझॅग नाही, काही नाही. आणि होजिअरीच्या ताणणाऱ्या कापडावर सरळ टाका म्हणजे काय ते शिवणारीलाच कळतं. कापड ताणतं, दोरा ताणत नाही, मग दोरा तुटतो.

पण मी चौदा वर्षं होजिअरीच शिवलेली. मला कोण शिकवणार? बाजारातून किलोवर लाल कापड आणलं, धुऊन आटवलं, ताण अंगाभोवती येईल असं बेतलं आणि पहिला शर्ट एका दुपारात शिवला. शिवण इतकी सरळ आली की मीच खूश. मार्लेनेनं डोकं आत घातलं आणि गळा तडतड उसवला. तिनं हात वर केला तर मुंढ्याचीही तीच गत. मार्लेनेला हसू आवरेना. म्हणाली, असा शर्ट घालून मी सर्व्हिस मारली तर सामना बघायला खालच्या गल्लीतले सगळे पुरुष येतील. मी दात ओठ खात तो शर्ट तिच्या अंगातून काढला.

आई कोपऱ्यात बटाटे सोलत बसली होती. तिथूनच म्हणाली, शिवताना कापड ताणून धर, सोडू नकोस.

माझं डोकंच फिरलं. ओव्हरलॉकवर पहिल्या दिवशी पहिली गोष्ट काय शिकवतात? कापडाला ओढायचं नाही. नुसता हात ठेवायचा, मशीन आपोआप घेतं. ओढलं की शिवणीला लाटा पडतात आणि नग परत येतो. यासाठी मी नव्या पोरींच्या हातावर चापट्या मारल्यात. मी आईला म्हटलं, तू तुझे बटाटे बघ.

दुसरा शर्ट उसवला. तिसऱ्याला सुईनं बारीक भोकं पाडली. तेव्हा आई उठली, गोल टोकाची सुई लावली, पाव गुंडाळून येतो तो पातळ कागद कापडाखाली सरकवला म्हणजे मशीनचे दात कापड गिळणार नाहीत, आणि एक टीप मारून दाखवली. एक हात सुईच्या मागे, एक पुढे, दोन्हीकडून सारखा ताण. टीप सुटल्यावर शिवण सापासारखी वळवळत होती. तिनं कागद फाडून काढला, ओल्या फडक्यावरून इस्त्री दाबली. लाटा गेल्या. मग तिनं ती शिवण ताणली, आणि दोरा तुटला नाही.

आता मला जमायला हवं होतं, नाही का? नाही जमलं. कळत होतं, पण हात ऐकेनात. चार टाके ताणून घेतले की पाचव्याला बोटं आपोआप सैल पडायची. घाबरून मागूनच ओढलं की सुई वाकून मोडायची. तीन सुया मोडल्या. शुक्रवार उजाडला तेव्हा पुढ्यात उसवलेल्या लाल कापडाचा ढीग होता, आणि मी तो ढीग लाथेनं उडवला. राग आईवर काढला. दुसऱ्या कुणावर काढणार? म्हटलं, तुझी ही ठिगळं आयुष्यभर बघितलीत मी. शाळेत कसरतीचा सूट तू असाच घरी शिवला होतास आणि अख्खा वर्ग मला हसला होता.

आई जमिनीवरून कापड गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही.

"हसला असेल," ती म्हणाली. "पण उसवला का?"

नव्हता उसवला. पाच वर्षं घातला होता मी तो, दोनदा लांबी वाढवून. मी आणखीच चिडले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. आत पायमशीन सुरू झालं. एकाहत्तर वर्षांची, गुडघे गेलेली बाई, आणि ती पाय मारत होती. थोड्या वेळानं मी आत गेले आणि टाचण्या लावायला बसले. मी बेतलं, इस्त्री केली, दोरे कापले. नऊच्या नऊ शर्ट तिनं शिवले.

रविवारी सामना झाला. आईलाही रस्त्याकडेला खुर्चीवर बसवलं होतं. मार्लेने दोनदा जमिनीवर आपटली, एकीनं तर जाळीपाशी तिची बाही धरून लोंबकाळून घेतलं. एक टाका हलला नाही. खालच्या गल्लीच्या संघाचे शर्ट विल्मेरच्या कारखान्यातले, म्हणून तो भिंतीशी खुर्ची टाकून बघत होता. आम्ही जिंकलो तसा तो उठला, मार्लेनेच्या शर्टाची कड उलटी केली आणि दोन्ही हातांनी ओढली. शिवण ताणली आणि पुन्हा जागेवर आली. सगळ्या बायका बघत होत्या. मार्लेने म्हणाली, बत्तीस सूट झोराइदाचे, ठरलं. मी हो म्हणायला तोंड उघडलं. खरं सांगते, गप्प बसायचा माझा पक्का विचार होता.

पण विल्मेरला कुठे राहवतंय! तो माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाला, "माझ्याच हाताखाली तयार झालीय. चौदा वर्षं शिकवलंय मी हिला."

मी त्याचा हात झटकला.

"तुमच्याकडे शिकले तेवढं सगळं उसवलं," मी म्हटलं. "हे माझ्या आईनं शिवलंय."

माझ्या तोंडून काय गेलं ते मला मागाहून कळलं. मार्लेनेनं आईकडे बघितलं, तिच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघितलं, आणि विचारलं की मग बत्तीस सूट शिवणार कोण. विल्मेर पुन्हा हसला, तसाच. माफी मागायची जागा त्यानं राखूनच ठेवली होती.

आई खुर्चीवरून उठली. मला वाटलं, मला मारतेच आता.

"ही शिवेल," ती मार्लेनेला म्हणाली. "एक सूट आठ दिवसांत आणते. तुझ्या पोरीला घाल, कोलांट्या मारायला लाव. उसवला तर काम दुसऱ्याला दे."

मार्लेने कबूल झाली. घरी जाताना चढावर आई मला वाट्टेल ते बोलली. चार लोकांत तोंड सोडायची काय गरज होती, एवढी मोठी घोडी होऊन साधी टीप येत नाही, आता या वयात माझ्या जिवाला घोर. मीही उलट बोलले. दारापर्यंत आम्ही भांडतच गेलो.

सोमवारी सकाळी सातला विल्मेरच्या कारखान्याचं शटर वर जातं. त्या वेळी मी पायमशीनवर बसले होते. आई मागे उभी राहून, कापड धरलेले माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरून, दुखेपर्यंत ओढत होती, आणि तिनं सोडावं असं मला वाटत नव्हतं.