भाऊजींचा कॉम्प्युटर

माझे मोठे दीर उत्तरेश्वर यांनी ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर घरी आणला आणि 'भाग्यश्रीला दिला' असं झाडून सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं. आम्ही नवरा-बायको विश्रांतवाडीला त्यांच्याच फ्लॅटमध्ये राहत होतो, त्यामुळे उपकारांची सवय होतीच.

त्यावर मी नारायण पेठेतल्या प्रकाशकांची अक्षरजुळणी करायची. एक पान उघडेपर्यंत माझा चहा निवायचा. मग ठरवलं, एका पुस्तकाचे पैसे आले की एक भाग बदलायचा. रॅम सेकंडहँड घेतली. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली. पुढे एका जाडजूड कोशाच्या कामावर मदरबोर्ड आणि प्रोसेसर. यूट्यूब बघून, स्क्रू बशीत काढून, सगळं मी स्वतः बसवलं. नव्या भागाचं खोकं वॉरंटीसाठी जपावं लागतं; त्यात मी काढलेला जुना भाग ठेवायची. पुण्यात राहून काहीही टाकायचं नाही हे अंगात मुरलं होतं. बाहेरचा पत्र्याचा डबा तेवढा बदलला नाही. धड होता, उगाच खर्च कशाला? तिथेच फसले.

यंदा आम्ही वेगळे निघालो. धानोरीत भाड्याच्या दोन खोल्या. सामान बांधताना भाऊजी म्हणाले, "कॉम्प्युटर राहू दे. शेफालीचं बारावीचं वर्ष आहे." शेफाली त्यांची मुलगी.

"भाऊजी, आतलं सगळं मी घेतलेलं आहे. माझं काम आहे त्यावर."

"अगं, दुरुस्त्या सगळेच करतात. म्हणून वस्तू तुझी होते का?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. मी स्क्रू पिळत असताना सुदर्शन त्याच खोलीत मोबाईल बघत लोळलेला असायचा.

"राहू दे ना," तो म्हणाला. "दादाचाच आहे तो. आपण हप्त्यावर नवीन घेऊ."

भाऊजींपेक्षा हे जास्त लागलं.

मी आत गेले आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. माझा एकेक भाग काढून खोक्यात घातला, खोक्यातला जुना भाग परत जागेवर लावला. दार उघडंच होतं. कुणी डोकावलं नाही. मी काय करते ते बघायला आधीही कधी कुणी डोकावलं नव्हतं.

"भाऊजी, दिला होतात तसाच्या तसा आहे."

त्यांनी लगेच चालू करून पाहिला. पंखा घरघरला. स्क्रीन उजळायची वाट बघून शेफाली कंटाळून उठली.

"बघ," भाऊजी सुदर्शनला म्हणाले, "काय अवस्था केलीये हिने वापरून. चांगला दिला होता."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुदर्शन म्हणाला, "सॉरी दादा. दुरुस्तीचे मी देतो."

रिक्षात खोक्यांची पिशवी मी मांडीवर घेतली.

"रिकामी खोकी कशाला नेतेस?" सुदर्शनने विचारलं.

"रिकामी नाहीत."

आत काय आहे, हे त्याने विचारलं नाही. धानोरी येईपर्यंत तो दादाच्या कॉम्प्युटरसाठी मेकॅनिक शोधत फोन लावत होता.