साडेचार बोटं

माझ्या उजव्या हाताला साडेचार बोटं आहेत. मधल्या बोटाचा शेंडा तरुणपणी एका बॉनेटखाली सापडला आणि तिथेच राहिला. पण उरलेल्या बोटांनी मी जन्मभर गाड्या रंगवल्या. डोळे मिटून पत्र्यावर हात फिरवला की केसाएवढा उंचवटाही मला कळतो. बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे.

आमच्या गॅरेजात पोरगा इंजिनात डोकं घालून बसतो, रंगातलं त्याला ओ की ठो कळत नाही. कळतं ते सूनबाईला. जुना रंग उतरवायचा, गंज खरवडायचा, पुट्टी भरायची, मग लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून पाणी मारत घासत बसायचं, हे सगळं तीच करते. रंग फवारायची गन मात्र माझ्या हातात. तिला हात लावायची कुणाची टाप नाही.

एके दिवशी जेवताना सूनबाई म्हणाली, "बाबा, मला गन द्या. नाहीतर गाड्यांच्या शोरूममध्ये काउंटरवर नोकरीला बोलावताहेत, तिकडे जाते. जन्मभर नुसतं घासत नाही बसणार मी."

ही गेली तर गॅरेजात मी भांडायचं कुणाशी? पण असं सरळ बोललो तर मी कसला!

"आपली जुनी गाडी घे," मी म्हणालो. "तयारी सगळी तुझी. रंगाखालचा प्रायमर मी मारतो. तो साफ बसला तर वरचा रंग तू मारायचास. आणि नीट ऐक, ज्याच्या हाताने पत्रा बिघडेल, त्याच्या हातात गन नाही!"

"ज्याच्या हाताने," ती म्हणाली. "शब्द तुमचा आहे हं, बाबा."

ती गाडी सूनबाईपेक्षा वयाने मोठी. दारं खालून गंजलेली, टपाचे पोपडे निघालेले, आणि बॉनेटवर आमच्या हिने वर्षानुवर्षं उशा वाळवलेल्या. पण पोरीने पदर खोचला. दिवे, पट्ट्या, दारांच्या मुठी, सगळं काढून डब्यात घातलं. गंज पार कोऱ्या पत्र्यापर्यंत घासला. पुट्टी भरून झाली की वर काळ्या रंगाचा हलका फवारा मारायची आणि पुन्हा घासायची. खळगा असेल तिथे काळं राहतं, लपून राहायची सोयच नाही. मी रोज सकाळी डोळे मिटून गाडीभोवती फिरायचो. तपासून झालं की पत्र्यावर पंजा टेकवायचा, ही माझी जुनी सवय. मेली एक खोड सापडेना! मला आनंदही व्हायचा आणि चिडचिडही व्हायची.

प्रायमरच्या दिवशी तिने काचांना कागद चिकटवले, सगळी गाडी थिनरच्या फडक्याने पुसली. मी शेवटची नजर फिरवली, बॉनेटवर पंजा टेकवला आणि म्हणालो, "ठीक आहे." माझ्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. मग गन उचलली.

फवारा बसतोय न बसतोय तोच बॉनेटवर बारीक बारीक खड्डे उमटले. प्रायमर तिथून मागे सरकत होता, खाली तेल असलं की सरकतो तसा.

"पुसलं नाहीस नीट!" मी ओरडलो. "एवढं साधं काम!"

"पुसलं होतं."

"मग तेल काय आकाशातून पडलं?"

आमची ही आतून धावत आली. "अहो, पोरीवर कशाला डाफरताय?" सूनबाईचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण या जिभेला हाड नाही. सूनबाई प्रायमर वाळायची वाट बघत बसली आणि मग बॉनेट पुन्हा पत्र्यापर्यंत घासायला लागली. घासता घासता मध्येच थांबली, वाकून काहीतरी बघितलं, आणि परत घासायला लागली. जाताना म्हणाली, "उद्या आणखी एकदा. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. मनात म्हटलं, पोरी, उद्या तरी जिंक गं.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यादेखत बॉनेट दोनदा पुसलं. मी नजर फिरवली, सवयीने वर पंजा टेकवला. तिने काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी गन चालवली.

पुन्हा खड्डे! बाकी गाडी नितळ, फक्त बॉनेटवर तेवढे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार एवढ्यात सूनबाईच हसायला लागली.

"बाबा, हात बघू."

तिने माझं मनगट धरून पंजा बॉनेटच्या वर, न टेकवता, धरला. खाली खड्ड्यांचा पंजा उमटला होता. अंगठा, तीन बोटं पूर्ण, आणि मधलं अर्धं.

आमच्या हिने माझा हात नाकाशी नेला. "अगं बाई, गुडघ्याचं तेल! सकाळी चोळता आणि हात पँटला पुसून मोकळे होता!"

गाडी पुसून झाल्यावर तिला हात लावणारा या गॅरेजात एकच शहाणा होता.

"कालच कळलं होतं तुला?" मी विचारलं.

"घासताना अर्धं बोट दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकून घेतलं असतं?"

नसतं घेतलं. मी गन स्वच्छ धुतली, पुसली आणि तिच्या हातात दिली. "शोरूमवाल्यांना कळव, येत नाही म्हणून. तू गेलीस तर मला करमायचं नाही, पोरी."

"त्यांना काल रात्रीच कळवलं," ती म्हणाली.

बॉनेट पुन्हा तयार झालं, पुन्हा पुसलं गेलं. या वेळी प्रायमर आरशासारखा बसला. तोही तिनेच मारला. रंगाच्या दिवशी तिने गन उचलली आणि मी सवयीने पुढे सरकलो.

"बाबा, मागे व्हा. हात खिशात."

मी मागे झालो. सगळी साडेनऊ बोटं खिशात घातली आणि पोरीचा हात कसा चालतो ते बघत उभा राहिलो.