उजवीकडून उघडा

सोमवार, १ जून १९८७. सकाळचे साडेदहा. गोकुळदास सरांनी टेबलावर कात्री ठेवली आणि माझे टोक हातात धरले.

मित्रांनो, मी कागदाची गुंडाळी आहे. लांबी चाळीस फूट, अंगावर सोळा चित्रे. वय तेव्हा एकच वर्ष. पण वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडतो, म्हणून मला जुनी म्हटले तरी चालेल.

म्हापशाच्या छापखान्यात मी रिळाचे उरलेले शेपूट होते. यंत्रावरच्या जयरामने मला लेकीसाठी घरी नेले. त्याची विनिता चित्रांतून गोष्ट कशी सांगितली जाते, यावर पीएचडी करत होती. पेडण्यात, तेरेखोल नदीजवळच्या एका देवळात, गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर जुनी काव होती: पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर, तो ओला असतानाच लोखंडी टोकाने खरवडून काढलेली चित्रे. विनिताने मला भिंतीला लावले आणि काजूच्या लाकडाच्या कोळशाने घासून प्रत्येक चित्राचा ठसा घेतला. त्या वर्षी गोव्यात कोकणी की मराठी यावरून गावोगाव सभा तापत होत्या. भिंतीवर मात्र एकही अक्षर नव्हते.

विनिताने मला डावीकडून वाचले आणि गोष्ट लिहिली: नावाडी देवीला घेऊन निघाला, पूर आला, देवी बुडाली, रिकामी होडी परतली.

देऊळ झाडणाऱ्या पद्मावतीबाई त्याच नावाड्याच्या घराण्यातल्या. ऐकून त्यांच्या हातातली केरसुणी थांबली.

"गो बाये, तू देवाक उलटी भोवतंस काय? आमच्या पूर्वजान रिकामी होडी नेली, पुरातसून देवी हाडली. तू तिका बुडवलंस!"

विनिताने देवाला रीतसर प्रदक्षिणा घालून पाहिली. गाभारा उजव्या हाताला ठेवून चालले, की चित्रे उजवीकडून डावीकडे पुढे सरकतात. तिने लिहिलेली वीस पाने फाडली.

आणि आता तिच्या मार्गदर्शकांची, गोकुळदास सरांची, ही कात्री.

"विनिता, वाचक डावीकडून वाचतो. चित्रे काप, क्रम उलटा लाव, सोळा पाने कर. उद्या प्रबंध बांधायला जाऊ दे."

"सर, पुस्तक डावीकडून वाचतात. देऊळ नाही."

"मग पदवीही देवळातूनच घे!"

"घेईन. पण भिंतीवर नाही तो क्रम भिंतीच्या माथी मारणार नाही."

सरांनी माझे टोक सोडले. मी सर्रकन पुन्हा गुंडाळले गेले. माझ्याकडून तेवढेच होण्यासारखे होते, आणि ते मी मन लावून केले.

शेवटी सरांनी सही केली. बाजूला लिहिले: 'जबाबदारी विद्यार्थिनीची.'

बाइंडर सगुण म्हणाला, "ही पोथी का चटई? बांधू कशी?" जयरामने पाण्याच्या पाइपचा तुकडा कापून आणला आणि त्याला झाकण बसवले. मी त्यात राहू लागले.

ऑक्टोबरात देवळाच्या भिंतीवर चकचकीत लाद्या बसल्या. आता ती गोष्ट फक्त माझ्या अंगावर आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. पण आपल्या सोयीसाठी त्यांना कापू नका, उलटे लावू नका. तसे जपण्यापेक्षा वाळवी बरी.

पहिल्या परीक्षकाने जमिनीवर बसून मला उलगडले आणि प्रबंध मान्य केला. तिथून मी दुसऱ्या परीक्षकाकडे आले. माझ्या नळीवर विनिताने तांबड्या रंगात लिहिले आहे: 'उजवीकडून उघडा.'

आज १२ डिसेंबर १९८८. मी त्यांच्या कपाटात आहे. नळीचे झाकण त्यांनी अजून उघडलेले नाही.