सपाट समुद्राचे परीक्षक

मी दोन नळ्यांची, दोन काचांची दुर्बीण. अगादीरच्या उत्तरेला समुद्राकाठी इद्दरचा कॅफे आहे, त्याच्या गच्चीतल्या खांबाला मी कित्येक वर्षं लटकत होते. माझ्यातून इतक्या माणसांनी समुद्र पाहिला आणि त्यातल्या इतक्या थोड्यांना तो दिसला, की बोलायला तोंड उघडलं तर आधी हसूच येतं.

माझा जन्म समुद्रापासून पुष्कळ लांबचा, जर्मनीतल्या एका थंडगार कारखान्यातला. तिथून एका खलाशाबरोबर जहाजानं फिरत फिरत मी अगादीरच्या बंदरात उतरले. सिगारेटच्या पाकिटांच्या बदल्यात त्यानं मला तांडेल बिहीच्या गळ्यात घातलं. बिहीची मासेमारीची निळी होडी होती. तो माझ्यातून पक्षी बघे. पक्षी जिथं घिरट्या घालत झेपावतात, तिथं खाली तारली मासे. बघायचा, होडी वळवायचा, आणि कुणाला काही सांगत बसायचा नाही. मला वाटलं, सगळी माणसं अशीच असतात. केवढी भोळी होते मी!

बिही गेला. त्याचा मुलगा इद्दर म्हणजे कोळ्याच्या पोटी आलेलं मांजर. घोट्यापर्यंत पाणी आलं की किंचाळणारा. त्यानं होडी विकली, घरावर खोल्या चढवल्या, खाली कॅफे काढला आणि मला खिळ्याला टांगलं. मग फळीवाले येऊ लागले.

फळीवाले म्हणजे फळी घेऊन लाटेवर उभे राहणारे. देशोदेशीचे. लाट असते तेव्हा ते खरंच देखणे दिसतात, मी नाही म्हणणार नाही. पण लाट नसली की त्यांच्याइतका केविलवाणा प्राणी या किनाऱ्यावर दुसरा नाही. भटक्या कुत्र्यांनासुद्धा काहीतरी उद्योग असतो.

त्या हिवाळ्यात समुद्र पाट्यासारखा सपाट पडला. आठवडे गेले, पण लाटेचं नाव नाही. कोळ्यांची चैन झाली. होड्या तारलीनं भरून येत होत्या, किनाऱ्यावर शेगड्या पेटत होत्या, बायका ओहोटीला लांबच्या खडकांपर्यंत जाऊन काळे शिंपले खरवडून आणत होत्या. गावात आनंदीआनंद, आणि आमच्या गच्चीत सुतक.

रोज सकाळी चहाचे पेले घेऊन परीक्षक मंडळी जमत. त्यांचा म्होरक्या मौलूद. हा फळीवर उभं राहायला शिकवणारा गावातला गडी. उन्हानं पिवळे पडलेले केस सारखे मागे सारायचा. मला खिळ्यावरून उतरवायचा, डोळ्याला लावायचा, आणि मग एक दीर्घ, विद्वान शांतता.

"हं," तो म्हणायचा.

"काय, काय?" सगळे पुढे सरकायचे.

"ओहोटीला काहीतरी होईल असं वाटतंय."

ओहोटी यायची. काही व्हायचं नाही. मग म्हणायचा, "वारा जरा फिरला की बघा." वारा फिरायचा. पाण्यावर शहारे यायचे, बस. "भरतीला," तो मग सांगायचा. अशी ही ज्ञानाची चक्की फिरत राही आणि पीठ कधी पडत नसे.

मला सांगायला लाज वाटते, पण तो माझ्यातून समुद्र बघतच नसे. क्षणभर क्षितिजाकडे तोंड करायचा आणि हळूच खाली वाळूवर उन्हात पडलेल्या पोरींकडे मला वळवायचा. माझी काच मी काय बंद करणार?

दुसरा विद्वान यूस्त. हॉलंडचा. हा दरवर्षी यायचा आणि त्याचा सगळा विश्वास हातातल्या मोबाईलवर. समोर समुद्र पसरलेला असताना हा त्यात समुद्राचे आकडे वाचायचा.

"उद्या रात्रीपर्यंत काही नाही," तो सांगायचा. दुसऱ्या दिवशीही तेच सांगायचा.

आणि इद्दर? तो तर खोटेपणाचं झाड. खोल्या रिकाम्या होतील या धास्तीनं जो बॅग उचलेल त्याच्या आडवा पडायचा. "यूस्तभाऊ, आज जाताय? आणि परवा डोंगराएवढ्या लाटा आल्या की मला शिव्या घालाल! माझ्या बापानं मला शिकवलंय, कुबट वास आला की लाट येते. वास घ्या, वास!"

कुबट वास स्वयंपाकघराच्या मोरीचा होता. आणि बिहीनं इद्दरला काहीही शिकवलेलं नव्हतं. शिकण्याइतका वेळ तो होडीत कधी बसलाच नाही.

या सगळ्यांना एकच माणूस तोंडावर बोलायचं. बिहीची बायको, इद्दरची आई, यमना. रंगीत ओढणी घट्ट गुंडाळून, पाठीला टोपली अडकवून खडकांवर निघाली की गच्चीखाली थांबायची.

"काय रे मेल्यांनो, समुद्र झोपलाय तर झोपू द्या की! त्याच्या उशाशी बसून रडताय काय, बाप गेल्यासारखे?"

"आई, गिऱ्हाइकं आहेत," इद्दर दात आवळून म्हणायचा.

"त्यांना कुठं कळतंय मी काय म्हणते? हसतायत बघ, भली माणसं."

आता त्या दिवसाचं सांगते. सकाळ तशीच. पाणी इतकं शांत की खडकांवरचे बगळे पाण्यात उलटे दिसत होते. यूस्तनं अखेर बॅग भरली होती. त्या दिवशी ओहोटी खूप लांब जाणार होती, म्हणून यमना आणि शेजारची किल्तूम टोकाच्या खडकावर जायला निघाल्या. तो खडक एरवी उघडा पडत नाही. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये एक चरी आहे, पाण्याची खोलगट पट्टी. शांत ओहोटीला ती गुडघाभर पाण्यातून ओलांडता येते.

यमना गच्चीखाली थांबली. "अरे मौलूद, तुझ्या त्या नळकांड्यातून बघून सांग. टोकाच्या खडकावर जातोय आम्ही. आहे का काही?"

मौलूदनं मला उचललं. डोळ्याला लावलं न लावलं तोच खाली घेतलं.

"मावशी, तुझ्या ताटातल्या तेलावर याहून मोठी लाट उठते. खुशाल जा."

गच्चीत हशा पिकला. त्या गेल्या.

चहाचा दुसरा फेरा झाला. निघण्यापूर्वी सवयीनं यूस्तनं मला उचललं आणि क्षितिजावर रोखलं. क्षितिजाची रेघ सरळ राहिली नव्हती. ती उचलत होती, बसत होती. एकामागे एक काळे पट्टे, लांबच लांब, घाई न करता येत होते. कुठल्याशा दूरच्या वादळातून निघालेल्या लाटा मोबाईलला न विचारता एक दिवस आधी पोचल्या होत्या.

"आल्या!" यूस्त ओरडला. "आल्या! आल्या!"

मग जे झालं ते पाहून मला माणसाच्या जातीची किळस आली. कुणी खुर्चीवर चढलं. कुणी चहा सांडला. दोन अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. इद्दर हात उंचावून नाचत होता, "मी सांगितलं नव्हतं? वास! मी सांगितलं नव्हतं?" आणि त्याची सख्खी आई टोकाच्या खडकावर समुद्राकडे पाठ करून, वाकून शिंपले खरवडत होती.

मौलूदनं यूस्तच्या हातून मला हिसकावलं. त्यानं ते पट्टे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नीट पाहिलं. पट्टे कुठं फुटतील हे शोधत शोधत तो मला हळूहळू अलीकडे आणत गेला आणि माझ्या गोल काचेत एक रंगीत ओढणी आली.

"मावशी," तो पुटपुटला.

मग तो धावला. मी त्याच्या हातून फरशीवर पडले आणि माझी डावी काच तडकली. तो जिना तीन-तीन पायऱ्या उड्या मारत उतरला. भिंतीला टेकवलेली नवशिक्यांची निळी, जाडी, कुरूप फळी त्यानं काखेत मारली आणि खडकांच्या दिशेनं सुटला. मागून कुणीतरी विचारत होतं, "त्या फळीवर? वेडा झाला का हा?"

मला इद्दरनं उचललं. त्याला आता कळलं होतं. एका डोळ्यानं, माझ्या धड काचेतून, तो बघत राहिला. तो मला एका जागी धरेना, त्यामुळे समुद्र, आकाश, खडक सगळं कालवलं जात होतं. तरी मी पाहिलं.

किल्तूम चरीच्या अलीकडे आली होती. पहिली लाट टोकाच्या खडकावर फुटली तेव्हा यमना पलीकडेच होती. पांढरा फेस तिच्या कमरेवरून गेला. टोपली गेली. ती खडकाला मिठी मारून राहिली. दुसरी लाट, तिसरी. दर वेळी इद्दर "आई" म्हणायचा, आणि फेस उतरला की ओढणी अजून तिथंच असायची.

मग समुद्र एकदम शांत झाला, काही झालंच नाही असा. अशा लाटा घोळक्यानं येतात आणि मध्ये बराच वेळ उसंत देतात. चरीत आता पाणी गुडघाभर राहिलं नव्हतं. मौलूद फळीवर पालथा पडून, हातांनी पाणी मारत, ती ओलांडून गेला.

त्यांचं काय बोलणं झालं ते नंतर किल्तूमनं गावभर सांगितलं.

"मावशी, फळीवर पालथी पड!"

"मला पोहता येत नाही, मेल्या!"

"मी कुठं पोहायला सांगतोय? पड म्हणतो ना!"

"तुझ्यासमोर पालथी पडू?"

"मावशी, मागं बघ!"

तिनं मागं पाहिलं. पुढचा घोळका आला होता. ती धाडकन पालथी पडली. मौलूद मागं पाण्यात राहून फळी ढकलत, पाय झाडत निघाला. चरीच्या मध्यावर असतानाच लाटेनं दोघांना गाठलं. त्याला दिसलं की दोघं सुटणार नाहीत. त्यानं फळीला सगळ्या ताकदीनं एक धक्का दिला आणि सोडून दिलं.

साऱ्या हिवाळ्यात ज्या लाटेसाठी देशोदेशीचे विद्वान गच्चीत उपाशी बसले होते, ती पहिली लाट यमनाला मिळाली. फळीच्या कडा घट्ट धरून, तोंड उघडं, ओढणी वाऱ्यावर, अशी ती बाणासारखी वाळूपर्यंत आली. गच्चीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एकानं मोबाईलवर चित्रण केलं. इद्दरनं मला खाली ठेवून त्याच्या कानाखाली वाजवली. इद्दरबद्दल माझं चांगलं मत झालं ते तेवढ्या एका क्षणापुरतं.

मौलूदला लाटेनं खडकावर फेकलं. किल्तूमनं त्याच्या पिवळ्या केसांना धरून त्याला ओढून काढलं. खांदा निखळला होता, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

त्यानंतर जशा लाटा आल्या तशा मी कधी पाहिल्या नव्हत्या. खाडीभर काचेसारख्या, एकसारख्या. यूस्तनं बॅग पुन्हा उघडली, इद्दरच्या खोल्या भरल्या. आणि मौलूद हात गळ्यात बांधून गच्चीत बसून होता. येणारा जाणारा विचारायचा, "काय म्हणतात लाटा?" तो म्हणायचा, "तुम्हाला डोळे आहेत ना?" एकदाही त्यानं मला खिळ्यावरून काढलं नाही.

यमना तिथं आली ती ताटलीत अंडी, गरम भाकरी आणि अर्गनच्या बियांचं तेल घेऊन. त्याच्यापुढे ठेवलं आणि बसली.

भाकरीकडे बघतच तो म्हणाला, "मावशी, त्या दिवशी मी नीट बघितलंच नव्हतं."

"ठाऊक आहे. तू कधी बघतोस?"

"मग विचारलंस कशाला?"

"तू बोलतोस छान," ती म्हणाली. "ऐकायला बरं वाटतं. त्यात मी मरत होते." मग तिनं भाकरीचा तुकडा मोडून तेलात बुडवला आणि त्याच्या तोंडापुढे धरला. "खा. एका हातानं जमायचं नाही तुला."

तो रडत खात होता. ती दुसरीकडे बघत भरवत होती.

ताटली रिकामी झाल्यावर यमना उठली आणि तिनं मला खिळ्यावरून काढलं. बिही असताना तिनं मला कधी शिवलं नव्हतं. बाईचा हात लागला की दुर्बीण आंधळी होते, असं तो म्हणे. तोही शहाणा काही बाबतींत इतरांसारखाच गाढव होता.

"आई, ती पाहुण्यांची आहे," इद्दर म्हणाला.

"पाहुण्यांना करमणुकीला तू आहेस की."

तिनं मला डोळ्याला लावलं ते उलट्या बाजूनं. मौलूदकडे बघून म्हणाली, "एवढुसा दिसतोस. असाच बरा आहेस." मग त्यानंच धड हातानं मला फिरवून सरळ केलं.

आता मी तिच्या गळ्यात असते. डावी काच गेली, उजवीत बुरशी शिरते आहे. अंगाला शिंपल्यांचा वास मारतो, आणि चाकूबरोबर टोपलीत आपटून माझ्या कडा झिजल्यात. समुद्र पुन्हा सपाट झालाय, गच्चीत पुन्हा पेले वाजू लागलेत, कुणीतरी नवीन म्होरक्या "हं" म्हणतोय. म्हणू दे.

यमना चार शिंपले खरवडते, उठते, कंबरेवर हात ठेवते आणि मला उजव्या डोळ्याला लावते. उगाच हं-बिं काही नाही. क्षितिजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बघते. काही दिसलं नाही तर पुन्हा वाकते. माझी ही एक काच आता फार दिवस टिकायची नाही. ती गेली की मला टाकून द्या, माझी हरकत नाही. फक्त पुन्हा कुठल्या गच्चीत टांगू नका. माझ्यातून यमनाला काही दिसेनासं होईल त्या दिवशी इद्दरला सांगा, बापाचं नाव घेऊन वास हुंगत बसण्यापेक्षा आईला एक नवी दुर्बीण घेऊन दे.

बरं, येते मी. भरती सुरू झाली, तिनं टोपली उचलली.